पापड की वेफर? विचारा कोर्टाला!

मंडळी, टीव्हीवर निवडणुकीचा निकाल बघताना तुमच्या घरी काय खातात? चहा-पोहे? भेळ? आमच्या शेजारच्या आजींकडे क्रिस्प्स असतात. आजी अस्सल इंग्रज, वय 81, मुक्काम लेस्टर. आपण ज्यांना वेफर्स म्हणतो, त्यांना ब्रिटनमध्ये क्रिस्प्स म्हणतात. आणि चिप्स मागितल्या तर काय येतं ठाऊक आहे? बटाट्याच्या जाडजूड तळलेल्या फोडी! मीही सुरुवातीला फसले होते.

तर 4 जुलै 2024, गुरुवार. रात्री बरोबर दहा वाजता मतदान संपतं आणि त्याच ठोक्याला टीव्हीवर निकालाचा अंदाज झळकतो. मग रात्रभर हाताने मतमोजणी. आपल्यासारखं दिवसच्या दिवस वाट बघत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती, पण आजींनी दोन्ही नातवंडांना जागायची परवानगी दिली. नातू 15 वर्षांचा, नात 11 ची. मी घरच्या चिवड्याचा डबा घेऊन गेले. तो पहिल्या अर्ध्या तासातच संपला, हे आपलं जाता जाता सांगते.

अंदाज आला : मजूर पक्षाला 410 जागा! म्हणजे पंतप्रधान ऋषी सुनक यांचं सरकार जाणार. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मत कुणाला दिलं हे त्या कुणालाच सांगत नाहीत, आजोबांनाही कधी सांगितलं नव्हतं म्हणे!

तेवढ्यात नातवाने क्रिस्प्सचं पाकीट वर धरलं. "हे 1 पौंड 20 पेन्सचं. यातले 20 पेन्स सरकारचे. माझ्या खाऊच्या पैशांतून मी कर भरतो. मग मला मत का नाही?"

हिशेब बरोबर होता हं. मूळ किंमत 100 पेन्स, त्यावर 20 टक्के व्हॅट. मतदानाचं वय मात्र 18.

"तुझे खाऊचे पैसे मी देते," आजी म्हणाल्या. "म्हणजे कर मीच भरते!"

आता या कराची गंमत ऐका. ब्रिटनमध्ये पाव, दूध, तांदूळ अशा रोजच्या खाण्यावर व्हॅट शून्य. केकवरही शून्य! पण चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर पूर्ण कर. मग जाफा केक नावाचा जो पदार्थ आहे, तो केक की बिस्किट? दिसायला आणि आकाराने बिस्किटासारखा, दुकानात बिस्किटांच्याच शेजारी. भांडण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. 1991 मध्ये निकाल लागला : केक! कारणं बरीच दिली होती, पण मला आवडलेलं एक सांगते. शिळं बिस्किट सादळून मऊ पडतं, शिळा केक कडक होतो. जाफा केक कडक होतो.

बटाट्याच्या क्रिस्प्सना मात्र सुटका नाही. प्रिंगल्सवाल्यांनी सांगून पाहिलं की आमच्यात बटाटा निम्म्याहूनही कमी आहे. 2009 मध्ये कोर्टाने ऐकलं नाही, भरा कर! आणि 2024 मध्ये तर चक्क पापडाची पाळी आली. लेस्टरच्याच वॉकर्स कंपनीचे पाकिटातले छोटे पापड. कंपनीचं म्हणणं, हे पापड आहेत, क्रिस्प्स नव्हेत. न्यायाधिकरण म्हणालं, यात बटाटा भरपूर आहे आणि लोक ते क्रिस्प्ससारखेच खातात. नुसतं नाव पापड ठेवून भागत नाही. आपल्या आजीचे उडदाचे पापड बघितले असते तर न्यायमूर्ती काय म्हणाले असते कोण जाणे!

या वॉकर्सची सुरुवातही राजकारणातूनच झाली बरं का. मूळचं ते खाटकाचं दुकान. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मांस रेशनवर होतं, विकायला पुरेसं मिळेना. मग 1948 मध्ये त्यांनी बटाटे तळायला घेतले.

"त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली," आजी म्हणाल्या आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा वाजून गेले होते. तारीख 5 जुलै. 1948 च्या याच दिवशी ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच झालं, एक पैसाही द्यावा लागला नाही. "तुझे 20 पेन्स कुठे गेले, विचारत होतास ना?" असं म्हणून त्यांनी गुडघ्यावर चापट मारली.

नातू गप्प. पण नात कसली गप्प बसते! "मग टीव्ही बघायचे पैसे का घेतात?"

हे खरं आहे. ब्रिटनमध्ये थेट प्रक्षेपण बघायचं तर टीव्हीचं लायसन्स काढावं लागतं. 2025 मध्ये त्याचे वर्षाला 174 पौंड 50 पेन्स पडत होते. त्या पैशांवर बीबीसी चालते. (घरी आजी-आजोबांना विचारा, आपल्याकडेही एके काळी रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात पैसे भरायचे.) पूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ते फुकट होतं. 2020 मध्ये ती सवलत फक्त गरिबांपुरती उरली. आजींची पेन्शन जरा जास्त, म्हणून त्यांना भरावं लागतं. हा विषय निघाला की त्यांचा चेहरा बदलतो. एकट्या माणसाच्या घरात तेवढाच आवाज असतो, असं त्या म्हणतात. मला यावर काही बोलता आलं नाही.

पहाटे बातमी आली की मजूर पक्षाची देशभर लाट, पण आमच्या लेस्टर ईस्टमध्ये उलटंच झालं. हुजूर पक्षाने दुसऱ्याकडून जिंकून घेतलेली अख्ख्या देशातली ही एकुलती एक जागा! तोवर नात सोफ्यावर झोपून गेली होती, हातात रिकामं पाकीट.

पुढे जुलै 2025 मध्ये सरकारने जाहीर केलं की मतदानाचं वय 16 वर आणणार. नातू नाचतच आजींकडे आला. मग हिशेब केला. पुढची निवडणूक 2029 च्या ऑगस्टपर्यंत कधीही. ती शेवटाला झाली तर तोवर तो 20 चा! त्याला काडीचाही फायदा नाही. पण नात 16 ची होईल.

तिने लगेच जाहीरनामा लिहायला घेतला. कलम पहिलं : क्रिस्प्सवरचा कर रद्द. कलम दुसरं : आजीला टीव्ही फुकट.

"आणि गुडघ्याचे पैसे कुठून देणार?" भावाने विचारलं.

कलम तिसरं अजून कोरं आहे. परवा ती मला विचारत होती, चिवड्यावर किती कर असतो?