मैफल आणि खतावणी

पांझरेच्या पलीकडे, देवपुरातील व्यापारी घरांत तरुणांनी कोणते संगीत ऐकावे याविषयी आता फारसा वाद होत नाही. वाद होतो तो तिकिटाचा. भक्तिसंध्या गावातच असते आणि तिला बहुधा तिकीट नसते. रॉक संगीताचा चाहता मात्र ज्या मैफलीची वर्षानुवर्षे वाट पाहतो ती सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर मुंबईत होते, तिचे तिकीट काही हजारांचे असते आणि जाऊन येईपर्यंत दुकानाचे दोन दिवस मोडतात. मग घरातील वडीलधारे सरळ विचारतात, हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? चाहत्याला या प्रश्नाचा राग येतो. वास्तविक रागावण्याचे कारण नाही. या संगीताच्या इतिहासातील एका फार मोठ्या मैफलीलाही हिशोबाचा प्रश्न विचारला गेला होता, आणि तिच्याजवळ वेळेवर उत्तर नव्हते.

ती मैफल १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात झाली. तिच्यामागील कारण आपल्या देशाच्या उंबरठ्यावरचे होते. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच मार्च १९७१ मध्ये तेथे लष्करी अत्याचारांना प्रारंभ झाला. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्याची झळ खानदेशातील पेढ्यांनाही लागली होती, जरी ती अवघ्या पाच पैशांची होती. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे शरणार्थी साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागे. ज्या घरांत जुन्या पत्रांचे गठ्ठे अजून जपून ठेवलेले आहेत, तेथील पाकिटांवर ते छोटे तिकीट सापडू शकेल.

पंडित रविशंकर मूळचे बंगाली. त्यांनी आपली व्यथा जॉर्ज हॅरिसन यांच्या कानावर घातली. हॅरिसन हे बीटल्स या जगप्रसिद्ध चौकडीतील गिटारवादक. १९६६ मध्ये ते रविशंकरांकडे सतार शिकू लागले होते. एखादा कार्यक्रम करून पंचवीस हजार डॉलर जमले तरी पुष्कळ झाले, एवढीच रविशंकरांची अपेक्षा होती. हॅरिसन यांनी अवघ्या काही आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल अशी मंडळी एकत्र आणली. एकाच दिवशी दोन खेळ झाले आणि दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले.

आरंभ भारतीय संगीताने झाला: रविशंकरांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद, अल्लारखाँ यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तानपुरा. वाद्ये सुरात लावून झाली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटले, वादन झाले! रविशंकरांनी हसून त्यांचे आभार मानले आणि सूर लावणे एवढे आवडले तर वादन याहून अधिक आवडेल, अशी आशा व्यक्त केली. हा प्रसंग त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत तसाच ठेवलेला आहे. रॉकच्या चाहत्याने घरातील ज्येष्ठांना एकच तबकडी ऐकवायची ठरवली, तर तिची पहिलीच बाजू पुरेशी आहे. तीवर गिटारही नाही, ढोलही नाहीत. आहे ती सतार-सरोदाची जुगलबंदी.

पुढचा भाग मात्र व्यापाऱ्याने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. तिकीटविक्रीतून २,४३,४१८ डॉलर ५० सेंट जमले आणि ती रक्कम युनिसेफ या बालकांसाठी कार्य करणाऱ्या संस्थेकडे सुपूर्द झाली. रविशंकरांच्या अपेक्षेच्या जवळजवळ दसपट. डिसेंबर १९७१ मध्ये तीन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला, तो प्रचंड खपला आणि १९७३ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. खरा पैसा तेथे होता, आणि तो तेथेच अडकला. मैफल ठरवताना ती धर्मादाय कार्य म्हणून आधी नोंदवावी, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अमेरिकेच्या करखात्याने उत्पन्नावर बोट ठेवले आणि संचाच्या विक्रीतील बरीच रक्कम १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत मोकळी झाली नाही. ज्या मुलांच्या नावाने ती जमवली होती, ती तोवर मोठी झाली. जी वाचली ती.

गावोगावच्या पांजरापोळीचे किंवा स्थानकाचे विश्वस्तपद ज्यांनी सांभाळले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडील हिशोबपत्रके, देणगीदाराची ८०-जीची पावती या गोष्टी रुक्ष खऱ्या. पण गोशाळेतील चारा या रुक्ष कागदांवरच येतो. आपल्या परंपरेत दानाचे पाच प्रकार सांगितले आहेत: अभयदान, सुपात्रदान, अनुकंपादान, उचितदान आणि कीर्तिदान. त्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये जे घडले ते मुळात अनुकंपादान होते. कलावंतांनी मानधन घेतले नाही. कीर्ती त्यांना आधीच पुरेशी होती. उणीव राहिली ती मुनीमजींची. एखादा जुना मुनीम त्या मंडळींत असता, तर सूर लावण्यापूर्वी त्याने नोंदणीचा कागद मागितला असता. आजही त्या संचाच्या विक्रीचा लाभ युनिसेफसाठी हॅरिसन यांच्या नावे असलेल्या निधीकडे जातो, आणि आता त्याची कागदपत्रे चोख आहेत.

मुंबईत याच्या नेमके उलट उदाहरण घडले. मार्च १९८० मध्ये इंग्लंडचा ‘द पोलीस’ हा वाद्यवृंद आपल्या पहिल्या विश्वयात्रेत मुंबईस आला. त्याची मैफल भरवली ती टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने. सामाजिक कार्यासाठी निधी उभारणे हा या संस्थेचा नित्याचा उद्योग. प्रौढ, घरंदाज महिला आणि त्या काळी तरुणांना वेड लावणारे तीन वादक, ही जोडी आज गंमतीची वाटते. परंतु तिकीट कसे विकावे आणि जमलेला पैसा कोठे पोहोचवावा, हे त्या महिलांना ठाऊक होते.

मुंबईचे या संगीताशी नाते त्याहून जुने आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आले आणि शिवकुमार शर्मा यांचे संतूर, आशिष खाँ यांचा सरोद अशा वाद्यांसह त्यांनी ‘वंडरवॉल म्युझिक’चा बराच भाग ध्वनिमुद्रित केला. बीटल्सपैकी कोणाचाही तो पहिला स्वतंत्र अल्बम. म्हणजे ज्या संगीताला आपण परदेशी म्हणून बाजूला ठेवतो, त्यातील एक तबकडी तर आपल्याच राज्यात घडलेली आहे.

चाहत्याच्या आवडत्या अल्बमांची यादी मागितली की ‘पिंक फ्लॉइड’चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम तीत बहुधा असतोच. मार्च १९७३ मध्ये निघालेला, सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा. त्याची तबकडी उलटून दुसरी बाजू लावली की पहिला आवाज येतो तो नाण्यांचा, कागद फाडल्याचा आणि गल्ल्याच्या यंत्राचा. ध्वनिफितीचे तुकडे मोजून, कापून, जोडून तो आवाज तालात बसवला आहे. गीताचे नावच ‘मनी’, अर्थात पैसा. आणि त्यातील उपरोध पैशाच्या हव्यासावर. ताल सात मात्रांचा! भजनी मंडळातील तबलजीला हाताने मोजायला सांगितले तर तो रूपकाची आठवण काढील, आणि मध्ये गिटार मोकळी सुटते तेथे लय चार मात्रांवर गेल्याचेही तो अचूक सांगेल. दुकानाचा गल्ला तालात ऐकण्याचा हा अनुभव व्यापाऱ्याच्या घरात जितका समजेल तितका क्वचितच अन्यत्र समजेल. २००७ मध्ये या वाद्यवृंदाचे संस्थापक-सदस्य रॉजर वॉटर्स मुंबईस आले आणि त्यांनी हा अल्बम आरंभापासून अखेरपर्यंत सलग सादर केला. अशा मैफलीस जाणारा चाहता सुटी गाणी ऐकायला जात नाही. ज्या क्रमाने तबकडी घरी शेकडो वेळा फिरली, तोच क्रम तो हजारोंच्या समुदायात उभा राहून पुन्हा ऐकतो. प्रतिक्रमणात पाठाचा क्रम मोडून चालत नाही, हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे, त्याला हा आग्रह विचित्र वाटू नये. तुलना येथेच थांबवलेली बरी.

१५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आयर्लंडच्या ‘यू-टू’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला, त्यातही १९८७ चा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम संपूर्ण वाजवला गेला. त्याच्या काही आठवडे आधी या मंडळींनी ए. आर. रहमान यांच्यासह एक नवे गीत प्रसिद्ध केले होते. त्याचे नाव ‘अहिंसा’. नाव घेणे सोपे, आचरण अवघड, ही शंका येथे कोणी काढली तर ती वावगी नाही. तरी या निमित्ताने एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रॉकच्या ढोलांवर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मुख्यतः प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो आणि गिटारच्या तारा धातूच्या असतात; आपल्या तबला-ढोलकीवर मात्र अजूनही चामडे आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख ही कीटकांपासून मिळते. नंतरच्या लाँगप्ले तबकडीत ती नाही. सूक्ष्म विचार करणाऱ्या श्रावकाने दोन्ही बाजूंचा हिशोब मांडला, तर निकाल वाटतो तितका एकतर्फी लागणार नाही.

राहता राहिली प्रत्यक्ष जाण्याची बाब. डिसेंबरात मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि मैफल रंगते त्यानंतर. चौविहार पाळणाऱ्याने प्रवेशद्वारावरील रांगेतच आपला डबा संपवून पाणी पिऊन घेतलेले बरे. बहुतेक ठिकाणी आत बाहेरचे अन्न नेऊ देत नाहीत. मद्याचे ठेले असलेल्या मैफलींत त्यांपासून दूरची जागा आधीच हेरावी. कानांत घालावयाचे फोमचे बोळे औषधांच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात; ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर दोन-तीन तास उभे राहणाऱ्याने ते न विसरता न्यावेत, कारण श्रवणशक्ती एकदा गेली की ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

संग्रहाचे मात्र पाहावे लागते. तबकड्या जमवण्याला अंत नसतो, आणि जुन्या प्रती आता मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या जातात. परिग्रह-परिमाण व्रत घेताना घर, जमीन, सोने-चांदी यांची मर्यादा लिहून घेतली जाते. त्याच कागदावर तबकड्यांची संख्याही लिहिण्यास काही हरकत नसावी. पंचवीस म्हटल्या तर पंचवीस; सव्विसावी आणायची असेल तर आधी एक कोणाला तरी देऊन टाकावी. हॅरिसन यांच्या त्या तीन तबकड्यांचा संच एक धरावा की तीन, हे कुटुंबाने आधीच ठरवून घ्यावे.