रांग का लांबते? सरासरीमागचे गणित

नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर ते पेंधर हा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. ११.१ किलोमीटरच्या या मार्गावरील ११ स्थानकांपैकी बेलपाडा हे एक. मेट्रोने प्रवासाचा वेळ वाचतो, हे खरे. परंतु वाचलेली मिनिटे स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत खर्ची पडणार असतील, तर त्या रांगेचाही विचार व्हायला हवा. रांग लांबली की ‘रिक्षा कमी आहेत’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रश्न मात्र नेहमीच संख्येचा नसतो.

समजा, अशा एखाद्या स्थानकाबाहेर दर १० मिनिटांत २० प्रवाशांना रिक्षा हवी आहे. थांब्यावर एका वेळी एकच रिक्षा भरते आणि त्यास २४ सेकंद लागतात. म्हणजे १० मिनिटांपैकी आठच मिनिटे काम; दोन मिनिटे थांबा मोकळा. प्रवासी दर ३० सेकंदांनी एक असे आले, तर कोणालाही ताटकळावे लागणार नाही. परंतु गाडी सर्वांना एकदमच उतरवते. मग शेवटच्या प्रवाशाला साडेसात मिनिटांहून अधिक काळ उभे राहावे लागते. सरासरी तीच, रिक्षा तेवढ्याच. फरक पडतो तो केवळ एकगठ्ठा येण्याने.

त्यात सेवेचा वेळही सारखा नसतो. कोणी सुटे पैसे शोधतो, कोणी भाड्यावरून घासाघीस करतो. या एकाचा विलंब मागच्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. गणितज्ञ जॉन किंगमन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रतीक्षा ढोबळमानाने तीन घटकांच्या गुणाकारावर ठरते: सेवेचा सरासरी वेळ, आगमन व सेवेतील चढउतार आणि व्यवस्थेवरील भार. यातील भाराचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. तो ८० टक्क्यांवरून ९० वर गेला, तर प्रतीक्षा सव्वादोनपट होते. ९५ वर गेला, तर पावणेपाचपट.

चढउतार कमी करता येतात, हे टोलनाक्यांवर दिसले. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. रोख रक्कम आणि सुट्या पैशांचा व्यवहार टळल्याने प्रत्येक वाहनाला लागणारा वेळ कमी झालाच, शिवाय तो बराचसा एकसारखाही झाला.

स्थानकाबाहेरही हे शक्य आहे. गाडी येण्याआधी रिक्षा रांगेत उभ्या असाव्यात, भाडे फलकावर ठरलेले असावे आणि प्रवाशांची रांग एकच ठेवून दोन ठिकाणी रिक्षा भराव्यात. वरील उदाहरणात एवढ्यानेच शेवटच्या प्रवाशाची प्रतीक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास येते.

थांबा दोन मिनिटे रिकामा दिसला म्हणजे क्षमता वाया गेली, असे मानणारे नियोजन रांगेला आमंत्रण देते. ती उसंतच गर्दीचा लोंढा पचवते. म्हणूनच तासाला किती रिक्षा सुटल्या यापेक्षा, रात्री शेवटी उभ्या असलेल्या ज्येष्ठ नागरिकाला किती वेळ थांबावे लागले, हे मोजणे प्रशासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरावे.