वेग, मर्यादा आणि पथकर

‘वेगमर्यादा’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या दोन अवयवांमधील ताण आपल्या लक्षातही येत नाही. मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द मोजमापाचा कमी आणि आचरणाचा अधिक. मर्यादा पाळायची असते, राखायची असते, आणि ती राखणारा बहुधा स्वतःच तिचा पहारेकरी असतो. सीमेवर चौकी बसवता येते. मर्यादेवर चौकी बसवावी लागली की ती मर्यादा राहत नाही, नुसती मनाई होते. द्रुतगती महामार्गांवर गेल्या काही वर्षांत जे चालले आहे ते पाहताना हा भेद पुन्हा पुन्हा आठवतो. तेथे वेगाचा कायदा आहे, दंडाचे आकडे आहेत, कॅमेरे येत आहेत. परंतु या कायद्याचे बोलणे नक्की कोणाशी चालले आहे, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने तो विचारायला हरकत नसावी. संहिता कोणाला उद्देशून आहे, ती कधी पोहोचते आणि वाचणाऱ्याला उत्तर देण्याची मुभा आहे की नाही, हे आपल्याच व्यवसायाचे प्रश्न आहेत.

परभणीत बसून हे लिहिण्याचे कारणही आहे. समृद्धी महामार्गाला जालन्याजवळ फुटणारी शाखा परभणी जिल्ह्यातून नांदेडला जायची आहे. सुमारे १८० किलोमीटरचा हा रस्ता. त्याच्या भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांची आंदोलने झाली. नागपूर ते गोवा अशा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही परभणी आहे, आणि त्यालाही विरोध झाला. जमीन हा या रस्त्यांबाबतचा पहिला प्रश्न आहे आणि त्यावर बोलणारे लोक माझ्याहून अधिक जाणते आहेत. मी बोलणार आहे ते रस्ता झाल्यावर त्यावरून जाणाऱ्या माणसाविषयी.

समृद्धी महामार्ग जनतेसमोर आला तो वेगाच्या भाषेत. मुंबई–नागपूर हे सोळा तासांचे अंतर आठ तासांवर येणार, हे वाक्य कित्येक वर्षे ऐकू येत होते. रस्ता ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे, हेही अभिमानाने सांगितले गेले. ४ डिसेंबर २०२२ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे व उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरहून शिर्डीपर्यंत पाहणी दौरा केला. सुकाणू फडणवीसांच्या हाती होते आणि ती छायाचित्रे सर्वत्र छापून आली. आठवड्याभराने, ११ डिसेंबरला, नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता पुरा व्हायला ५ जून २०२५ उजाडावे लागले. मोटारींसाठी प्रत्यक्ष मर्यादा ताशी १२० ची आणि मालमोटारींसाठी ८० ची. म्हणजे जाहिरात १५० ची, परवानगी १२० ची. ज्या वस्तूच्या नावाने रस्ता विकला तीच वस्तू वापरल्याबद्दल दंड, हा विरोधाभास चालकाच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो आणि कोणतीही सूचनाफलकाची पाटी तो पुसू शकत नाही.

जुन्या रस्त्यावर कायदा माणसाच्या रूपात भेटे. शिट्टी वाजे, हात वर होई, गाडी बाजूला लागे. मग एक संवाद सुरू होई, ज्याचे सगळे टप्पे आपल्याला पाठ आहेत: ओळखीचा दाखला, घाईचे कारण, घरातले आजारपण, ‘साहेब, एवढ्या वेळी जाऊ द्या’, आणि शेवटी पावती किंवा पावतीविना काही. या संवादात भ्रष्टाचार होता, अपमान होता, आणि गरीब चालकाच्या वाट्याला तो अधिक येई. तरीही तो संवाद होता. ज्याने चूक केली त्यालाच, चूक केली तेथेच आणि तेव्हाच, कायदा काहीतरी म्हणत होता.

द्रुतगती मार्गावर हा संवाद घडूच शकत नाही, हे १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेने दाखवून दिले. वैजापूरजवळ जांबरगावच्या पथकर नाक्यानजीक एक ट्रक उभा होता. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी मागून त्यावर आदळली आणि १२ माणसे गेली. तो ट्रक तपासणीसाठी थांबवला होता, या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. खटल्याचा निकाल हा न्यायालयाचा विषय. परंतु या रस्त्याचे भौतिकशास्त्र त्या रात्री उघडे पडले. ताशी १२० च्या वेगाने वाहन सेकंदाला तेहतीस मीटर जाते. अशा प्रवाहात कायद्याचा उंचावलेला हातच अडथळा होऊन बसतो.

मग कॅमेरा आला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम १३६ अ घातले. अतिवेगासाठी हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम वा अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंडाची तरतूद झाली. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांनी गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी इशाऱ्याची पाटी असावी, असे सांगितले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा सुरू झाली. कागदावर यात गैर काही नाही. हवालदाराची मर्जी गेली, यंत्राची निरपेक्षता आली.

तथापि या यंत्राची संहिता एकदा वाचून पाहावी. ती गाडीच्या क्रमांकाला उद्देशून असते. संदेश मालकाच्या भ्रमणध्वनीवर जातो. सुकाणूवर होता तो खेपेवर राबणारा चालक, ज्याचे नाव यंत्राला ठाऊक नाही. मालक परभणीत, चालक पालमचा, गाडी मुंबईच्या वाटेवर, आणि चूक होऊन आठवडा लोटलेला. मालक दंडाची रक्कम चालकाच्या पैशांतून कापतो, किंवा दंड थकत राहू देतो आणि लोक अदालतीची नोटीस येण्याची वाट पाहतो. दोन्ही प्रकारांत त्या रात्रीच्या वेगाचा आणि या रकमेचा संबंध चालकाच्या अनुभवात कोठेच जुळत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संप पुकारला, तेव्हा बऱ्याच सुशिक्षितांनी ‘नियम मोडायचे आणि वर संप करायचा’ असा शेरा मारला. शेरा सोपा होता. ज्या शिक्षेला शिकवणे जमत नाही ती शेवटी करासारखीच वाटू लागते आणि लोक तिच्याशी कराप्रमाणेच वागतात, हे त्या शेऱ्याच्या कक्षेबाहेर राहिले.

दुसरे असे की कॅमेरा क्षण पाहतो. पाटी दिसली की चालक पाय आवरतो, खांब मागे पडला की पुन्हा दाबतो. म्हणजे कायदा त्या खांबाभोवतीच्या दोनतीनशे मीटरपुरता उरतो. शिवाय अचानक दाबलेला ब्रेक हा मागून येणाऱ्याला वेगळाच धोका. मर्यादा ही आचरणाची गोष्ट आहे असे वर म्हटले ते यासाठी. आचरण प्रवासभर असते, ते एका खांबापाशी मोजता येत नाही.

आणि येथे मला जी गोष्ट कमालीची विचित्र वाटते ती सांगतो. समृद्धी महामार्गावरचा पथकर अंतरानुसार घेतला जातो. वाहन कोठून आत आले याची नोंद प्रवेशाला होते, बाहेर पडताना हिशेब होऊन रक्कम कापली जाते. सुरुवातीला मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे दर होता, १ एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. पैशांच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेल्या या व्यवस्थेपाशी प्रत्येक वाहनाचा प्रवेशाचा क्षण, बाहेर पडण्याचा क्षण आणि मधले अंतर या तिन्ही गोष्टी आयत्या आहेत. (आमच्या मराठवाड्यात जुनी माणसे नाक्याला ‘करोडगिरी नाका’ म्हणत, निजामी राज्यातील जकातीच्या खात्याचे ते नाव. त्या नाक्यालाही मालाची मोजदाद ठाऊक असे, माणसाची नव्हे.) शंभर किलोमीटर अंतराला ताशी १२० ने पन्नास मिनिटे लागतात. एखादी मोटार चाळीस मिनिटांत बाहेर पडली तर तिची सरासरी दीडशेची झाली, आणि सरासरी दीडशेची असेल तर वाटेत कधीतरी काटा दीडशेवर होताच. हे गणिताच्या पहिल्या वर्षाचे प्रमेय आहे. त्याला कोणाच्या साक्षीची गरज नाही.

ही कल्पना नवी नाही. इटलीने आपल्या पथकराच्या महामार्गांवर २००५ च्या अखेरीपासून सरासरी वेग मोजणारी यंत्रणा बसवली, ब्रिटनने त्याच्याही आधी. मुंबई–पुणे मार्गाच्या यंत्रणेतही सरासरी वेगाची सोय ठेवली आहे. आणि समृद्धीवरच, २०२३ मध्ये अपघातांची मालिका सुरू झाल्यावर, वेळेआधी पोहोचलेल्या चालकांना नाक्यावर बाजूला घेऊन त्यांचे समुपदेशन करण्याचा प्रयोग परिवहन विभागाने केला होता. त्या प्रयोगाची थट्टा झाली. मला मात्र तो या सगळ्या इतिहासातील सर्वांत शहाणा प्रसंग वाटतो. तेथे कायदा पुन्हा माणसाशी बोलत होता, आणि तेही वाहत्या रस्त्यावर गाडी न अडवता, जेथे ती तशीही थांबतेच त्या जागी.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप चालकच घेतील: भरधाव जायचे आणि नाक्याआधी अर्धा तास चहा प्यायचा, म्हणजे सरासरी जुळली. जुळू दे! सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास डोळे ताणणाऱ्या माणसाने अर्धा तास खाली उतरावे, ही तर आपली इच्छाच आहे. ज्या कायद्यातून सुटण्याचा मार्ग विश्रांती हा आहे, तो कायदा मला मुळीच सदोष वाटत नाही. अट एवढीच की उतरायला जागा हवी. समृद्धीचा पहिला टप्पा खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटरमध्ये धड उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे नव्हती. मग चालक कडेच्या पट्टीवरच गाडी लावून डोळा लावतात, आणि उभे वाहन काय करते हे आपण वर पाहिले. नाक्यांमधील अंतर मोठे असेल तर मध्ये एखाददुसरी नोंदणीची कमान लागेल, हेही मान्य.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पैशासाठी गोळा केलेली नोंद शिक्षेसाठी वापरावी का? आज वेग, उद्या आणखी काही. माझे मत असे की नोंद तशीही होतेच आहे आणि कोणाच्या तरी हाती आहेच. ती किती दिवस ठेवावी आणि कशासाठी वापरावी हे विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत बांधून द्यावे. न बांधलेली नोंद अधिक भयंकर. या आक्षेपाचे पूर्ण समाधान मात्र यातून होत नाही, हे खरे.

तिसरा आक्षेप असा की वेग हाच काय तो खलनायक आहे का? १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. बस दाराच्याच बाजूवर कलंडली होती. बाहेर पडायला वाट नव्हती. त्या घटनेत अतिवेगाकडे बोट दाखवून मोकळे होता आले नाही. चालकाची अवस्था, टायर, बसची बांधणी, संकटकाळी बाहेर पडण्याची सोय, अशा अनेक गोष्टी चर्चेत आल्या. मीही वेगाला सर्व अपघातांचे मूळ मानत नाही. परंतु झोप आणि थकवा यांचा वेळेशी संबंध आहे, आणि वेळेचा खेपेशी. मालक जेव्हा ‘पहाटे पाचला पोहोचलीच पाहिजे’ म्हणतो तेव्हा तो वेग आणि जागरण दोन्ही एकाच वाक्यात ठरवून टाकतो. वेळेवर आधारलेला कायदा त्या वाक्यापर्यंत पोहोचू शकतो. खांबावरचा कॅमेरा पोहोचत नाही. प्रवेश व निर्गमनाच्या वेळा पाहून एखाद्या कंपनीचे वेळापत्रकच बेकायदा आहे असे दाखवता येईल, आणि मग नोटीस चालकाच्या पगारावर न पडता वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर पडेल.

परभणी, जिंतूर, गंगाखेड येथून रोज रात्री माणसे बसमध्ये बसून मोठ्या शहरांकडे जातात: कामगार, परीक्षेला निघालेली मुले, रुग्णालयाची तारीख असलेले म्हातारे. पडद्याआड झोपलेल्या या माणसांना काटा दिसत नाही, चालकाचे डोळे दिसत नाहीत. वेगाच्या कायद्याविषयी मत विचारायचे तर आधी त्यांना विचारले पाहिजे, आणि त्यांना कोणीच विचारत नाही.

जालना–नांदेड रस्त्याचे नाके उभे राहतील तेव्हा प्रत्येक नाक्यावर दरफलक लागेल: कोणत्या वाहनाला कोठपर्यंत किती रुपये. त्याच फलकावर आणखी एक रकाना सहज मावेल, स्वच्छ मराठीत लिहिलेला: कोठपर्यंत कमीत कमी किती वेळ. समृद्धीचेच नियम येथे लागू झाले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटारीला दीड तास, मालमोटारीला सव्वादोन तास. त्याआधी जो बाहेर पडेल त्याला तेथेच, नाक्यावरच, हातात कागद मिळावा, आणि त्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात चालकाला आपले म्हणणे लिहायला जागा असावी.