पुठ्ठ्याची होडी आणि पाण्याचा निकाल

अमेरिकेत कार्बनडेल येथील सदर्न इलिनॉय विद्यापीठात डिझाइनचे अध्यापक रिचर्ड आर्चर यांनी १९७४ साली आपल्या विद्यार्थ्यांची एक चमत्कारिक परीक्षा घेतली. पन्हळी पुठ्ठ्याची, माणसाचा भार पेलणारी होडी बांधायची आणि ती तळ्यात वल्हवून दाखवायची. पुढे ही शर्यत तिकडील शाळांतही रुजली. पोरखेळ म्हणून तिची बोळवण करणे सोपे आहे. परंतु येथे निकाल शिक्षक लावीत नाही, पाणी लावते. आणि पाण्याकडे वशिला चालत नाही.

साधा हिशेब पाहावा. प्रत्येकी पन्नास किलोंची दोन मुले आणि दहा किलोंची होडी, म्हणजे ११० किलो. तरंगायचे तर ११० लिटर पाणी बाजूस सारले पाहिजे. दोन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद अशा सपाट तळाच्या होडीला त्यासाठी जेमतेम सव्वानऊ सेंटिमीटर बुडावे लागते. आर्किमिडीजचे तत्त्व पाठ असलेला मुलगा हे गणित दोन मिनिटांत सोडवील. खरी गंमत त्यापुढे आहे. काठ तीस सेंटिमीटर उंच असूनही होडी कलंडते, कारण मुले उंचावर बसलेली असतात. कापलेल्या कडेतून पाणी पन्हळींत शिरते आणि मघाचा ताठ तळ लगदा होऊन बसतो. रुंदी वाढवावी तर स्थैर्य येते, पण वेग जातो. पुठ्ठा व चिकटपट्टी मोजून मिळालेली. तळ दुहेरी केला की काठाला पुठ्ठा उरत नाही. एक निवडताना दुसरे सोडावे लागते, हे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर वक्ररेषा काढून सांगतो. ते इतके लख्ख कोणत्याही आकृतीने कळत नाही.

हातांनी शिकण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. कार्यानुभव वेळापत्रकात आला आणि पुष्कळ ठिकाणी गुणपत्रिकेतील एका रकान्यापुरता उरला. आता तर प्रकल्पही स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात आणि पालक ते आदल्या रात्री घेऊन येतात! ज्या कामात चुकायला वावच नाही, त्यातून मुलाने शिकावे काय? परीक्षेला नाव ठेवून मात्र भागणार नाही. आर्चर यांनी घेतली तीही परीक्षाच होती. फक्त तिचे उत्तर बाजारात विकत मिळत नव्हते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिकण्याची सूचना केली आहे. त्यांतील दोन दिवस या होड्यांना द्यावेत. जुनी खोकी किराणा दुकानातही मिळतात. कंबरेपेक्षा कमी खोल पाणी, जीवरक्षक जॅकेट आणि काठावर पट्टीचा पोहणारा, एवढ्यात मात्र काटकसर नको. पहिल्या दिवशी बऱ्याच होड्या बुडतील, आणि बुडाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना नवा पुठ्ठा द्यावा, आणि गुण द्यायचेच असतील तर कालची होडी का बुडाली हे ज्यांना नीट सांगता येईल त्यांना द्यावेत.