आधी ईसीजी, मग निदान!

सिन्नरमधली विड्या वळणारी बाई सांगते, “दम लागतो, पाठ भरून येते, मळमळतं.” उत्तर ठरलेलं: ॲसिडिटी, टेन्शन, नाहीतर ‘पाळी जायचं वय’! ईसीजी काढलाच जात नाही. हार्ट अटॅकमध्ये बाईच्याही छातीत कळ येते. पण कधीकधी फक्त हीच लक्षणं असतात. हृदयरोगाबाबत पुरुषासारखी ठरल्याशिवाय बाईला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत, हे अमेरिकेतल्या डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्येच लिहिलं. अटॅकची शंका असेल तर १० मिनिटांत ईसीजी, हा वैद्यकशास्त्राचाच दंडक आहे. पहिली पट्टी नॉर्मल आली, तरी त्रास थांबेपर्यंत ती पुन्हा काढावी. रक्तातलं ट्रोपोनिन तपासावं. मैत्रिणींनो, बाईचं दुखणं म्हणजे नखरा नव्हे. पट्टी काढल्याशिवाय दवाखान्यातून हलू नका!