पुढची खुर्ची कुणाची?

गेल्या वर्षी या सदरात मी आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सबद्दल लिहिलं होतं. त्यानंतरच्या पिकनिकला तुमच्यापैकी निदान चौघांनी मला कणसं भाजता भाजता बाजूला घेतलं आणि विचारलं, "ते इन्शुरन्सचं ठीक आहे हो, पण तुम्हाला विमानात पुढची सीट फुकट कशी मिळते, ते लिहा की!" लिहितो. पण थोडा हिरमोड होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सूट घालून जा, काउंटरवर गोड बोला, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून सांगा, असले सल्ले प्रथम विसरा. गेटवरच्या बाईंच्या हातात आता फारसं काही उरलेलं नाही. यादी कॉम्प्युटर लावतो, आणि त्याला तुमचा टाय दिसत नाही. नीटनेटक्या कपड्यांची अट असायची ती विमान कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना, पासवर प्रवास करताना. आणि त्यांचा नंबर तर सगळ्यांच्या शेवटी.

ही यादी तुम्ही गेटजवळच्या पडद्यावर पाहिली असेल. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक. यात आपल्या लोकांची मोठी पंचाईत होते. देशपांडे, देशमुख, देसाई, सगळेच 'डी-ई-एस'. आमच्या सोमवारच्या विमानात अशी आम्ही तीन माणसं होतो. पडद्यावर ती अक्षरं हिरवी झाली की तिघंही बॅगेला हात घालायचो आणि मग एकमेकांकडे बघत दोघं खाली बसायचो.

तर ही यादी लागते कशी? आपल्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी 'आधी आला त्याला आधी' अशी नाही. आधी बघतात तुमचं स्टेटस, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम वगैरे. वरच्या पायरीवरच्यांचे नंबर आधी निघायला लागतात. अमेरिकन एअरलाइन्समध्ये एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमवाल्यांसाठी उड्डाणाच्या १०० तास आधीपासून, गोल्डवाल्यांसाठी फक्त २४ तास. तोवर काय उरणार? खरी चुरस असते ती एकाच पायरीवरच्या माणसांत, कारण सोमवारी सकाळच्या विमानात अर्धे प्रवासी कुठल्या ना कुठल्या धातूचे असतातच. तिथे प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. अमेरिकन बघते की गेल्या बारा महिन्यांत कुणी जास्त पॉइंट जमवले. युनायटेड आणि डेल्टा बघतात तिकिटाचा फेअर क्लास, म्हणजे तिकिटावरचं ते एकच इंग्रजी अक्षर, ज्याकडे आपण कधी लक्ष देत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने तुमच्या दुप्पट पैसे मोजले असतील, तर ते अक्षर कॉम्प्युटरला तेवढं सांगतं. मग कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे का, वगैरे. तुम्ही कधी नाव घातलं हे सगळ्यात शेवटी. आणि सगळ्यात स्वस्त, बेसिक तिकीट काढलं असेल तर युनायटेड आणि डेल्टामध्ये तुमचं नाव यादीत येतच नाही.

हे असं नेहमी नव्हतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात ॲडव्हांटेज काढलं, त्याच महिन्यात युनायटेडने मायलेज प्लस. तेव्हापासून कितीतरी वर्षं मोजायचे ते मैल. म्हणजे तुम्ही किती लांब गेलात ते. आपल्यासारख्यांना ते फार सोयीचं होतं. नुअर्कहून मुंबईला जाऊन आलं की पंधरा हजारांहून जास्त मैल व्हायचे आणि २५,००० झाले की पहिली पायरी. आजीआजोबांना भेटून आलं आणि मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन फेऱ्या झाल्या, की झालो आपण सिल्व्हर. तिकीट कितीला घेतलं हे कुणी विचारत नव्हतं.

२०१४ पासून डेल्टा आणि युनायटेड मैलांबरोबर डॉलरही मोजायला लागल्या. २०२२ पासून अमेरिकनमध्ये कार्डावरच्या खर्चालाही पॉइंट मिळतात, साधारण एका डॉलरला एक, आणि गोल्डला लागतात ४०,०००. मुलीच्या लग्नाचा हॉल आणि केटरर कार्डावर घातले, तर घरातून न हलता गोल्ड होता येतं! डेल्टाने २०२४ पासून मैल मोजणं पूर्ण बंद केलं, आता फक्त खर्च. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी हे जाहीर केलं तेव्हा इतकी ओरड झाली की महिन्याभरात काही अटी सैल कराव्या लागल्या. मूळ विचार मात्र राहिला. तेव्हा वर्षातून एकदा, सेल बघून, चार जणांची भारताची तिकिटं काढणारं आपलं कुटुंब आता या हिशेबात फारसं मोजलं जात नाही. मला याचा राग येतो. पण धंदा म्हणून बघितलं तर कळतंही. शिवाय पूर्वी पहिल्या वर्गातल्या बऱ्याच खुर्च्या अशा फुकट वाटल्या जायच्या. आता त्यांतल्या बहुतेक विकल्या जातात. शेवटच्या दिवशी ॲपवर 'थोडे डॉलर भरा आणि पुढे या' असं कुणालाही विचारतात. उरलं तर आपण.

तुमच्यापैकी ज्यांनी नुकत्याच कन्सल्टिंगच्या नोकऱ्या धरल्या आहेत, त्यांनी पुढचं नीट वाचा. हे फुकट अपग्रेड देशातल्या आणि जवळपासच्या विमानांवर मिळतं. समुद्रापलीकडच्या बिझनेस क्लाससाठी नुसतं स्टेटस चालत नाही. तिथे वेगळे पॉइंट किंवा कुपनं लागतात, ती मोजकीच मिळतात, आणि ती लावूनही बरेचदा वेटिंगवरच राहता. म्हणजे डलासला जाताना तीन तास पाय पसरायला मिळतात आणि मुंबईला जाताना पंधरा तास गुडघे छातीशी.

हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी दोन वर्षांपूर्वी आईला पुण्याला सोडायला निघालो तेव्हा मी फुशारकी मारलीच. अकरा वर्षं दर सोमवारी पहाटे चारला उठून क्लायंटच्या गावाला जात होतो, गुरुवारी रात्री परत. तेवढ्यावर जमलेलं सगळं पुण्य मी त्या विमानाला लावलं. आई तेव्हा एक्क्याऐंशीची. दोन्ही गुडघे गेलेले, पायांना सूज. "आई, यावेळी तुला झोपवून नेतो," असं तिला महिनाभर सांगत होतो. तिने पुण्याला मावशीलाही फोनवर सांगून टाकलं.

गेटवर आम्ही यादीत तिसरे आणि चौथे. पहिल्या दोघांना मिळाल्या. मग माझं नाव पुकारलं. बाई म्हणाल्या, एकच खुर्ची आहे, दोघांपैकी कुणाला देऊ? (एकाच रिझर्व्हेशनवर दोघं असले आणि खुर्ची एक असली, की कॉम्प्युटर पुष्कळदा आपल्याला ओलांडून पुढच्या एकट्या माणसाकडे जातो. यांनी विचारलं तरी.) मी लगेच म्हटलं, आईला. आई म्हणाली, "मी नाही हं एकटी बसणार. रात्री बाथरूमला जायचं तर त्या पोरींना काय सांगू? तू बस पुढे, मला सवय आहे." मी अर्थातच नाही म्हटलं. बाई थांबल्या होत्या, मागे रांग होती. खुर्ची पाचव्या माणसाला गेली. हेडफोन लावलेला पंचविशीतला मुलगा होता, बिचाऱ्याला काही कल्पनाही नव्हती.

आम्ही मागे आमच्या जागांवर बसलो. मी चिडलेला. पट्टा लावता लावता आईने विचारलं, "हे पॉइंट म्हणजे तू सोमवारी जायचास ना, त्याचेच का रे?" म्हटलं, हो. "मुलं लहान होती तेव्हाचे?" हो. "मग बरं झालं संपले," असं म्हणून तिने पर्समधून लिमलेटची गोळी काढून मला दिली.

तेव्हा विचारणाऱ्या चौघांना माझं उत्तर असं. देशातल्या विमानात मिळालं तर घ्या, मजा करा. पण वयस्कर माणूस बरोबर असेल आणि भारताचं विमान असेल, तर यादीच्या भरवशावर राहू नका. माइल्स साठले असतील तर तारखा ठरल्या ठरल्या त्यांवर सरळ बिझनेसचंच तिकीट मिळतं का बघा. नाही मिळालं तर प्रीमियम इकॉनॉमी विकत घ्या. तिथे खुर्ची आडवी होत नाही, पण पाय ठेवायला जागा असते आणि शेजारी आपलंच माणूस असतं. व्हीलचेअर मागितल्याने अपग्रेड मिळतं हाही गैरसमज आहे. पण गरज असेल तर ती मागाच, संकोच करू नका.

येत्या एप्रिलमध्ये आई परत येते आहे, मी आणायला जाणार आहे. प्रीमियम इकॉनॉमीच्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्या मी जुलैमध्येच पैसे मोजून घेतल्या. किंमत कळली तर ती विमानात पाऊल ठेवणार नाही, म्हणून अपग्रेड मिळालं असं सांगायचं ठरवलं आहे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला तिची भेट झाली, तर कृपया कुणी बोलू नका.