घरच्या संगणकाचा पहारेकरी

संगणकासाठी कोणती फायरवॉल घ्यावी, असा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. वारज्यासारख्या पुण्याच्या उपनगरात आईचे कार्यालयीन काम, ताईचा प्रकल्प आणि धाकट्याचे खेळ हे सारे एकाच वायफायवर चालते. दुकानदार एखाद्या पॅकेजचे नाव सांगतो आणि आपण लगेच किंमत विचारतो. माझ्या मते किंमत ही शेवटी विचारायची गोष्ट आहे. फायरवॉल काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी समजून घेतले, तर बहुतेक घरांना ती वेगळी विकत घेण्याची गरजच पडणार नाही.

फायरवॉल म्हणजे मुळात शेजारच्या इमारतीची आग आपल्याकडे पसरू नये म्हणून बांधलेली भिंत. संगणकातील फायरवॉल मात्र भिंतीपेक्षा पहारेकऱ्यासारखी वागते. वारज्यातील कोणत्याही सोसायटीच्या फाटकावर काय घडते ते आठवा. ‘कोठून आलात? कोणाकडे जायचे?’ असे विचारूनच पहारेकरी पाहुण्याला आत सोडतो. इंटरनेटवरील माहिती लहान लहान तुकड्यांत येते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि कामाचे दार दाखवणारा पोर्ट क्रमांक असतो. हे क्रमांक ० ते ६५,५३५ असे असतात. फायरवॉल ही माहिती वाचते आणि ठरलेल्या नियमांप्रमाणे पॅकेट आत सोडते किंवा अडवते.

चांगला पहारेकरी नोंदवहीही ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरून गॅस सिलिंडर मागवला असेल, तर सिलिंडरवाल्याला तो अडवत नाही. न बोलावता आलेल्याला मात्र फाटकातच थांबवतो. फायरवॉलही असेच करते. तुमच्या संगणकाने मागवलेले उत्तर ती आत येऊ देते आणि न मागता आलेले पॅकेट बाहेर ठेवते.

या साध्या नियमाचे मोल जगाला २००३ साली कळले. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती सहसा बंद असे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाची उपद्रवी आज्ञावली पसरू लागली. तिला आत येण्यासाठी कोणी पत्र उघडावे लागले नाही, की कळ दाबावी लागली नाही. १३५ क्रमांकाचे उघडे दार आणि विंडोजमधील एक दोष तिला पुरेसा होता. ऑगस्ट २००४ च्या सुधारणेत मायक्रोसॉफ्टने ही फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था केली. म्हणजे पहारेकरी आधीपासूनच होता. त्याला फक्त कामावर उभे करायचे होते!

आजही विंडोजमध्ये फायरवॉल चालूच मिळते. मॅकमध्येही ती असते, पण चालू आहे ना, हे आपण पाहावे. शिवाय घरातील राऊटर हे दुसरे फाटक होय. त्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवणे म्हणजे फाटकाची किल्ली फाटकालाच टांगून ठेवण्यासारखे आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असेच शब्द वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते.

कोणी म्हणेल, ‘पहारा जितका कडक, तितका चांगला, मग पैसे का वाचवावेत?’ हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांच्या पॅकेजांत घातक आज्ञावली शोधण्याची सोय असते. ती हवी असेल तर अवश्य घ्यावी. मात्र आपण पैसे कशासाठी देत आहोत हे माहीत असावे. फायरवॉल निवडताना मी तीन गोष्टी पाहीन. न बोलावलेल्यांना ती आपोआप अडवते का? तिच्यात वेळोवेळी सुधारणा होतात का? आणि ती विचारते ते आपल्याला समजते का? तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पहारेकरी दर पाच मिनिटांनी इंटरकॉम वाजवू लागला, तर कंटाळलेला रहिवासी न ऐकताच ‘सोडा, सोडा’ म्हणतो. पडद्यावर सारख्या सूचना येऊ लागल्या, की आपणही न वाचता ‘परवानगी आहे’ हे बटण दाबतो. असा पहारा असून नसल्यासारखा!

उत्तम पहाऱ्यालाही मर्यादा असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले गेले. बँकेच्या यंत्रणेत घातक आज्ञावली शिरली होती आणि एटीएमकडून आलेल्या मागण्यांना एक बनावट यंत्रणाच परस्पर होकार देत होती. शत्रू एकदा आत शिरला, की फाटकावरचा पहारा अपुरा पडतो. घरात तर दार बहुधा आपणच उघडतो. अनोळखी दुव्यावर बोट ठेवणारे, फोनवर ओटीपी सांगणारे आपणच असतो. तेथे कोणतीही फायरवॉल आपला हात धरू शकत नाही. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

विद्यार्थी मित्रहो, या रविवारी घरातील मोठ्यांसोबत तीन कामे करा. फायरवॉल चालू आहे का ते पाहा, राऊटरचा परवलीचा शब्द बदला आणि राहिलेल्या सुधारणा संगणकावर बसवा. शिक्षकांनाही एक विनंती आहे. विजेचा फ्यूज आपण वर्गात शिकवतो, तशी फायरवॉलही शिकवावी. फ्यूज कशासाठी असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याच्या जागी जाड तार लावत नाही. फायरवॉल समजलेला विद्यार्थीही ती केवळ एखादा खेळ चालत नाही म्हणून बंद करणार नाही.